नवं कोरं जहाज, पहिली फेरी आणि सांगलीचा ग्रुप

हे प्रकरण सांगलीतल्या एका छोट्या टूर ऑफिसातलं आहे. मी तिथं व्हिसाच्या फायली आणि हिशोब बघतो, त्यामुळं सगळं जवळून बघितलंय. माणसांची, कंपनीची, जहाजाची नावं काढून टाकलीत, वर्षही देत नाही. मालकांना सगळे अण्णा म्हणतात म्हणून इथंही अण्णाच, आणि त्यांच्या मिसेस म्हणजे वहिनी. ऑफिसचं निम्मं काम वहिनींवर चालतं हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

पार्श्वभूमी

एका डिसेंबरात चाळीसेक लोकांचा ग्रुप आपणहून चालत आला. मार्केट यार्डातले हळदीचे दोन-तीन व्यापारी, त्यांचे तासगावचे द्राक्षबागायतदार पाहुणे, आणि मिरजेची रिटायर्ड शिक्षक मंडळी. निम्म्याहून जास्त जैन. यातल्या काहींनी मुंबईतून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझ जहाजानं गोवा केलेलं. ते जहाज १९९० सालचं, पण तिथं जैन जेवण मिळतं, हिंदी चालतं, त्यामुळं मंडळी खूश होऊन आलेली आणि आता त्यांना "खरं मोठं जहाज" बघायचं होतं, तेही युरोपात.

त्याच सुमाराला एका युरोपियन कंपनीचं नवं जहाज शिपयार्डात तयार होत होतं. प्रवाशांची पहिली फेरी मेच्या मध्यावर, रोमजवळच्या चिवितावेकिया बंदरातून, सात रात्री, वाटेत नेपल्स, बार्सिलोना, मार्से वगैरे. कंपनीच्या मुंबईतल्या सेल्सवाल्यानं अण्णांना फोन केला. पहिल्या फेरीत ग्रुप दिलात तर रेट चांगला, जहाजावर खर्चायला क्रेडिट, प्रत्येकाला पहिल्या फेरीचं सर्टिफिकेट, आणि वर अण्णांना स्वतःला प्रीव्ह्यूचं आमंत्रण.

प्रीव्ह्यू म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नवं जहाज बांधून झालं की आधी समुद्रात ट्रायल होतात, इंजिन, स्टीअरिंग, ब्रेक मारल्यासारखं थांबवून बघणं वगैरे, मग शिपयार्ड ते कंपनीच्या ताब्यात देतं. त्यानंतर आणि पहिल्या तिकीटवाल्या फेरीच्या आधी एक-दोन छोट्या चकरा मारतात. त्यात एजंट, पत्रकार, कंपनीच्या लोकांचे घरचे असे बोलावलेले पाहुणे असतात, कुणी तिकीट काढलेलं नसतं. कंपनीला स्टाफची रंगीत तालीम करून घ्यायची असते आणि जमलं तर फुकटात गाजावाजाही.

अडचण नेमकी काय होती

ग्रुपमधल्या सगळ्यांनी धरून ठेवलेलं की अण्णा आधी जहाज बघून येणार, मग आपण ठरवायचं. सेल्सवाल्यानंही असंच बोलून ठेवलेलं, "सर, तुम्ही स्वतः बघा, मग क्लायंटला सांगा." अण्णाही त्याच भरात होते.

वहिनींनी कॅलेंडर पुढं ओढलं आणि दोन तारखांवर पेन्सिलीनं गोल केले. प्रीव्ह्यू पहिल्या फेरीच्या पाच-सहा दिवस आधी. आणि ग्रुपचे पूर्ण पैसे भरायची शेवटची तारीख फेरीच्या ९० दिवस आधी, म्हणजे फेब्रुवारीतच. बघून ठरवायचं हा प्रकारच नव्हता तिथं, अण्णा जहाजावर पाय ठेवतील तोवर चाळीस माणसांचे पैसे अडकून तीन महिने झालेले असणार. प्रीव्ह्यूचं आमंत्रण हे अण्णांना मिळणारं बक्षीस होतं, ग्रुपला त्याचा तारखेपुरता काडीचा उपयोग नव्हता.

दुसरी गोष्ट, नव्या जहाजाची तारीख पाळली जाईलच असं काही नसतं. हे अण्णांना कळायला २०२४ चं सन प्रिन्सेसचं उदाहरण पुरेसं होतं. इटलीच्या मोनफाल्कोने शिपयार्डात बांधलेलं जहाज, पहिली फेरी ८ फेब्रुवारीला ठरलेली, ती रद्द, मग १८ ची पण रद्द, शेवटी २८ फेब्रुवारीला निघालं. व्हर्जिन कंपनीचं ब्रिलियंट लेडी जहाज तर २०२३ मध्ये निघणार होतं ते सप्टेंबर २०२५ ला निघालं. (आणि सिंगापूरच्या डिस्नी ॲडव्हेंचरचं काय झालं ते अनेकांना ठाऊक असेल, पहिली फेरी १५ डिसेंबर २०२५ वरून थेट १० मार्च २०२६.) अशा वेळी क्रूझ कंपनी आपले पैसे परत देते, वर पुढच्या ट्रिपला सवलत वगैरेही देते. पण मुंबईहून विमानाच्या ग्रुप तिकिटाचं डिपॉझिट, रोममधलं एका रात्रीचं हॉटेल, सांगली-मुंबई बस, हे ज्याचं त्यानं बघायचं. आणि शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) तर तारखा छापलेल्या असतात. माणशी ९० युरो फी भरून, पुण्या-मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन मिळालेला व्हिसा, जहाज वीस दिवस पुढं गेलं की वाया. चाळीस फायली परत करायच्या म्हणजे माझ्या पोटात तेव्हाच गोळा आलेला.

तिसरी अडचण आमच्याच लोकांच्या कॅलेंडरची, आणि ही मुंबईच्या सेल्सवाल्याला सांगूनही कळली नसती. हळदीची आवक फेब्रुवारीपासून मेपर्यंत जोरात, व्यापाऱ्याला मेच्या मध्यावर यार्ड सोडवत नाही. द्राक्षवाल्यांची एप्रिलात खरड छाटणी, त्यानंतर महिनाभर बागेत लक्ष लागतं, मग जरा मोकळीक. ऑक्टोबरात परत छाटणी म्हणजे दिवाळीची ट्रिप बाद. पोरांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू. आणि थोडी जिराईत जमीन असणारे म्हणणार, मृगाच्या आत घरी पाहिजे. हे सगळं धरून बघितलं तर साधारण मेचा शेवटचा आठवडा ते ७ जून एवढीच फट उरत होती.

समोर असलेले पर्याय

अण्णांनी चार पर्याय मांडले. पहिला, सरळ पहिल्या फेरीत सगळ्यांना घालायचं. सगळ्यात स्वस्त आणि नाव मोठं. हळदवाल्यांपैकी एक आप्पा तर म्हणाले, "यार्ड गेलं खड्ड्यात अण्णा, पहिल्या फेरीचा फोटू दुकानात लावायचाय."

दुसरा, तेच जहाज पण तिसरी फेरी, मेअखेर निघून मृगाच्या तोंडावर परत. रेट माणशी जरा जास्त, सर्टिफिकेट नाही. पण मधल्या दोन आठवड्यांत बरंचसं काम मार्गी लागलेलं असणार, आणि जहाज आठ-दहा दिवस उशिरा आलं तरी आपली फेरी बहुतेक वाचणार.

तिसरा, त्याच कंपनीचं चार-पाच वर्षं चाललेलं जहाज, तोच रूट. सगळ्यात बिनधोक. यावर एकही माणूस खूश नव्हता, "जुन्याच जहाजावर जायचं तर मुंबईतनं जाऊ की," असं सरळ तोंडावर.

चौथा, वर्षभर थांबायचं. हा कुणी बोलला नाही, फक्त वहिनींनी कागदावर लिहिला होता. ग्रुप एकदा थंड झाला की परत जमत नाही हे त्यांनाही माहीत, पण पर्याय म्हणून लिहायला काय जातंय.

ठरलं काय

जानेवारीत अण्णांच्या घरी मीटिंग झाली आणि अण्णांनी दुसरा पर्याय सांगितला. दोन कुटुंबांनी तिथंच विरोध केला, आम्हाला पहिलीच फेरी पाहिजे म्हणून. इथं पहिला मोठा निर्णय आला. त्यांचं वेगळं बुकिंग करून द्यायचं का नाही? वहिनी म्हणाल्या करून देऊ, विमानाची बदलता येणारी महागाची तिकिटं काढू आणि जोखीम त्यांची असं लिहून घेऊ. अण्णा म्हणाले नको, यार्डात कुणी कागद वाचत नाही, बिनसलं तर नाव आपलंच घेणार. अण्णांचं चाललं. ती कुटुंबं दुसऱ्या एजंटकडं गेली.

सेल्सवाला नाराज झाला आणि प्रीव्ह्यूचं "बघतो सर" वर आलं. पण एप्रिलअखेर त्याचाच फोन, बोलावलेल्या बऱ्याच एजंटांना व्हिसाची तारीख मिळाली नव्हती आणि अण्णांकडं आधीच्या ट्रिपांमुळं दोन वर्षांचा मल्टिपल व्हिसा होता. त्यामुळं सीट मिळाली, एकट्याला. वहिनींचा व्हिसा संपलेला.

प्रीव्ह्यूत काय बघितलं

तारखेचा निर्णय झालेला होता, त्यामुळं अण्णा जाताना वेगळीच यादी घेऊन गेले, वहिनींनी वहीच्या पानावर लिहून दिलेली. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती यादी. जहाज चांगलं आहे का असा प्रश्न त्यात कुठंच नव्हता. आपल्या लोकांना कुठं त्रास होईल, तेवढंच.

जहाज चकाचक होतं यात वाद नाही. पण कॉरिडॉरच्या गालिच्यावर अजून प्लास्टिक, ग्लूचा वास, आणि डांगरी घातलेले कॉन्ट्रॅक्टरचे लोक रात्री ड्रिल मारत फिरत होते. एक रेस्टॉरंट कुलूपबंद. वरच्या मोठ्या घसरगुंडीची तपासणी बाकी म्हणून ती दोरी लावून बंद. स्टाफ हसतमुख, पण थिएटर कुठं विचारलं तर तेच नकाशा उघडून बघायचे.

पाहुणे जहाजाच्या क्षमतेच्या निम्मेसुद्धा नव्हते. बुफेला रांग नाही, पूलजवळ खुर्च्या रिकाम्या, एका गिऱ्हाइकामागं दोन वेटर. बाकीचे एजंट व्हिडिओत सांगत होते "नो क्राऊड", आणि अण्णा म्हणतात मला हसू येत होतं, अरे माणसंच आणली नाहीत तर क्राऊड कुठनं होणार. म्हणून त्यांनी बुफेवरून काहीच ठरवलं नाही. त्याऐवजी थिएटरचा शो सुटायच्या वेळेला लिफ्टजवळ जाऊन उभे राहिले, कारण सगळे पाहुणे एकदम बाहेर पडायची तेवढी एकच वेळ होती. निम्म्या माणसांतच लिफ्टपुढं चांगली गर्दी झाली. गुडघेवाल्या मंडळींच्या केबिन कुठं पाहिजेत, याचं उत्तर तिथं मिळालं.

गाईडेड टूरमध्ये दाखवतात ते बाल्कनीवाले सूट. आमच्या ग्रुपच्या केबिन होत्या इनसाइड, म्हणजे बिनखिडकीच्या, आणि साध्या खिडकीवाल्या. त्या दाखवा म्हटलं तर "क्लीनिंग चालू आहे" असं उत्तर. मग हाऊसकीपिंगमधला एक कोकणातला पोरगा भेटला, अण्णांचं फोनवरचं मराठी ऐकून स्वतःहून बोलायला आला, आणि त्यानं साहेबाला विचारून तीन-चार केबिन उघडून दिल्या. त्यात कळलं की आमच्यातल्या काही केबिन बरोबर बुफेच्या खालच्या डेकवर आहेत, आणि पहाटे वर खुर्च्या ओढायला लागले की खाली सगळं ऐकू येतं. काही खिडक्यांसमोर लाईफबोट टांगलेली, म्हणजे समुद्राऐवजी नारिंगी पत्रा. प्लॅनवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण.

मोजायची टेप खिशात होतीच. ग्रुपमध्ये एका व्यापाऱ्याच्या आई, ऐंशीच्या आसपास, चालतात पण लांबचं अंतर व्हीलचेअरवर. साध्या केबिनचं दार मोजलं तर आजींची घरची खुर्ची आत जाणार नाही हे नक्की झालं, आणि बाथरूमला उंबरठा.

जेवणाचं वहिनींनी तीन वेळा अधोरेखित केलेलं. शाकाहारी भरपूर होतं, पण कांदा-लसूण-बटाट्याशिवाय हे सांगताना अण्णांचा घाम निघाला. शेवटी किचनच्या मॅनेजरनं सांगितलं, आधी नावं आणि केबिन नंबर पाठवा, जहाजावर आल्यावर सांगितलं तर पहिले दोन दिवस गडबड होणार. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांचा प्रश्न मात्र आपोआप सुटला, तिकडं त्या दिवसांत सूर्य साडेआठच्या आसपास किंवा त्यानंतर मावळतो.

आणि सेफ्टी ड्रिल. यावर अण्णा इतरांपेक्षा जास्त वेळ थांबले, आणि सांगलीच्या माणसाला ते का हे सांगायला नको. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली ते आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही, होडीच्या शर्यती हौसेनं बघणाऱ्या गावातसुद्धा बोटीत बसायचं म्हटलं की आता बायका आधी जॅकेटचं विचारतात. मोठ्या जहाजांचा नियमही एका अपघातानंतरच कडक झाला. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया चिवितावेकियाहूनच निघालं आणि काही तासांत खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली, त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. तेव्हा २४ तासांच्या आत ड्रिल केलं तरी चालायचं. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ते घ्यावंच लागतं. या नव्या जहाजावर ते मोबाईलवर होतं. व्हिडिओ बघा, मग आपल्या जमायच्या जागेवर जाऊन कार्ड स्कॅन करा, झालं. सोय चांगली, पण व्हिडिओ इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश असा. आमच्या निम्म्या काकी-मावशींना त्यातलं काहीही कळलं नसतं, हो म्हणून पुढं गेल्या असत्या.

परत आल्यावर काय केलं

हातात तीन आठवडेसुद्धा नव्हते. बुफेखालच्या केबिन बदलून मागितल्या, बऱ्याच मिळाल्या, दोन नाही मिळाल्या. त्या दोन तरुण जोडप्यांना दिल्या आणि कारण सरळ सांगितलं. गुडघेवाल्यांना लिफ्टजवळ आणलं. आजींसाठी व्हीलचेअरवाली मोठी केबिन शिल्लक नव्हती, मग मिरजेतून अरुंद, घडीची खुर्ची भाड्यानं घेतली आणि बाथरूमच्या उंबरठ्याचं सुनेला आधीच दाखवून ठेवलं. जेवणाची यादी मी केबिन नंबरसकट पाठवली आणि कंपनीकडून पोचपावती येईपर्यंत मेल करत राहिलो.

ड्रिलचं वहिनींनी केलं. अण्णांच्या फोटोंवरून त्यांनी मराठीत छोटे व्हॉइस मेसेज केले. भोंगा किती वेळा वाजतो, कुठं जमायचं, लिफ्ट का वापरायची नाही, केबिनमध्ये जॅकेट कुठं असतं. पाच मिनिटांचं काम, पण ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते हेच.

फक्त अण्णांनी एक केलं जे वहिनींनी नको म्हटलेलं. जहाजावरूनच झुंबर, पूल, काचेचा जिना असे फोटो ग्रुपवर टाकत सुटले. बंद रेस्टॉरंटचा आणि दोरी लावलेल्या घसरगुंडीचा एकही नाही. पोरांनी त्या दिवसापासून घसरगुंडीचा जप लावला.

निकाल

पहिली फेरी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी निघाली. तारीख काही चुकली नाही. त्यामुळं दुसऱ्या एजंटकडून गेलेल्या दोन कुटुंबांनी स्टेटसवर स्टेटस टाकले आणि इकडं आमच्या ऑफिसात फोन सुरू, "अण्णा, उगंच भीती घातली की आम्हाला." त्यांच्या फेरीत घसरगुंडी बंद, एक रेस्टॉरंट बंद, जैन जेवणाचा निरोप किचनपर्यंत पोचलाच नव्हता म्हणून तीन दिवस ब्रेड, फळं आणि घरून नेलेल्या भडंगावर काढले. पण ते नाखूश नव्हते हेही खरं. कंपनीनं काही क्रेडिट दिलं, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लागलंय.

आमचा ग्रुप तिसऱ्या फेरीत गेला. घसरगुंडी चालू झालेली. जेवण पहिल्या रात्री डगमगलं, दुसऱ्या दिवशीपासून रुळावर. त्या दोन केबिनमधल्या एका जोडप्यानं पहाटेच्या खुर्च्यांची तक्रार केलीच, पण आधी सांगितलेलं होतं म्हणून हसण्यावारी गेली. हळदवाले आप्पा सगळ्यात खूश, यार्डाची गर्दी ओसरल्यावर निघाले होते. मृगाच्या तोंडावर सगळे सांगलीत. जास्तीच्या रेटवरून मात्र अजून दोघं-तिघं कुरकुरतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली फेरी वेळेवर निघाली म्हणजे अण्णांचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. जानेवारीत हाताशी जेवढी माहिती होती, त्यात चाळीस व्हिसा एका नव्या जहाजाच्या तारखेवर लावणं हा जुगार होता, आणि जुगारात शेजारी जिंकला म्हणून आपण खेळायला पाहिजे होतं असं नसतं. पण यार्डात हे कुणाला पटवून बघा.

खरी चूक आधीची. प्रीव्ह्यू बघून ठरवायचं नाहीये हे ग्रुपला डिसेंबरातच लेखी सांगायला पाहिजे होतं. ते न सांगितल्यामुळं मेमध्ये निम्मे लोक विचारत होते, "मग अण्णा, बघून आलात, जायचं का नाही?" पैसे भरून तीन महिने झाल्यावर.

दुसरं, प्रीव्ह्यूला वहिनी जायला पाहिजे होत्या. यादी त्यांची, प्रश्न त्यांचे. अण्णा परत आल्यावर बाथरूममध्ये धरायला दांडा कुठल्या बाजूला आहे हे विचारलं तर ते सांगता येईना. एकच सीट मिळते तेव्हा मालकच जातो, ही आमच्या धंद्यातली खोड आहे. व्हिसा संपू दिला नसता तर निदान बोलता तरी आलं असतं.

फोटोंचं अण्णांनी मान्य केलंय, अर्ध्या मनानं.

त्या दोन कुटुंबांवरून नवरा-बायकोचं आजही जमत नाही. वहिनींचं म्हणणं, लिहून घेऊन वेगळं बुकिंग दिलं असतं तर जैन जेवणाची यादी तरी आपण वेळेत पाठवली असती आणि गिऱ्हाईकही राहिलं असतं. अण्णांचं म्हणणं, तेव्हा तारीख पुढं गेली असती तर हेच लोक ऑफिसात येऊन बसले असते. मला वहिनींचं जास्त पटतं, फक्त कागद दोन भाषांत नको, साध्या मराठीत एका पानात पाहिजे, आणि सही करायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. तसा एक मी आता करून ठेवलाय. त्या दोनपैकी एक कुटुंब यंदा परत आमच्याकडं आलंय, त्यांनी त्यावर सही केली. दुसरं अजून आलेलं नाही.